दुसरी हाक

नाही, खुशालराव, लेखी क्षमापत्र मी देणार नाही. आपण आधी बसा. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, भिंतीकडे झुकवून बसा — हां, असे. काल आपल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात मी तिसऱ्या रांगेत उठून उभा राहिलो, ओरडलो, प्रयोग थांबला, अकोल्याच्या प्रेक्षकांना हसायला विषय मिळाला — हे सर्व खरे आहे, मी नाकारीत नाही. सदतीस वर्षे शाळेत शिकवले. वर्गात कोणी मध्येच ओरडला तर त्याला मी बाकावर उभा करीत असे. काल माझा मीच उभा राहिलो. पण क्षमा कशाची? आपण नाटककार, कंपनीबरोबर अमरावतीहून आलात, आज संध्याकाळी दुसरा प्रयोग आहे, आणि हा म्हातारा पुन्हा उठला तर काय करायचे ही धास्ती आपल्याला इथवर घेऊन आली — असेच ना? मग ऐका. मी उठणार नाही. एकाच अटीवर. तो हाकेचा प्रवेश मूळ पुस्तकाबरहुकूम करा. बाकी आपले आपल्याला लखलाभ.

'पाताळवेस' आपण किती वेळा वाचलीत? — दोनदा. बरे. नाटक बेतायला दोनदा पुरते, असे आपल्याला वाटले. मी ते पुस्तक एकवीस वेळा वाचले आहे, आणि मी कादंबऱ्या वाचणारा मनुष्य नव्हे. सकाळी संध्या, नित्यपाठ, मग वर्तमानपत्र — याबाहेर मी फारसा गेलो नाही. लोक म्हणत, मोरोपंतांसारख्या माणसाने राक्षस आणि पाताळ यांच्या गोष्टीत काय पाहिले? मी त्यात संयम पाहिला. कल्पित असेना का, त्या पुस्तकात एक नियम होता, आणि तो शेवटच्या पानापर्यंत पाळलेला होता. असे पुस्तक विरळा.

आपण काय काय बदललेत ते मी मोजीत बसणार नाही. पाताळाच्या वेशीवरचा रक्षक — मूळ पुस्तकात तो साऱ्या ग्रंथात तीन वाक्ये बोलतो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. आपण त्याला शिंका दिल्यात. शिंका! वर पान मागायला लावलेत, एक पद गायला लावलेत. सात काळ्या नद्यांच्या जागी निळे लुगडे दोन टोकांना धरून हलवले, त्यातल्या एका धरणाऱ्याचे धोतर दिसत होते. ते मी गिळले. मंडळी लहान, साधने तुटपुंजी, मला कळते. माझा त्यावर राग नाही. पण हाक — हाकेला हात लावायचे आपल्याला कारण काय होते?

आपण दोनदाच वाचलेत, म्हणून सांगतो. राणीला पाताळात नेले आहे. तिचा नवरा, राजपुत्र, वेशीवर उभा आहे. आत अंधार, आणि अंधारात हजार खोटे आवाज, प्रत्येक आवाज हुबेहूब राणीचा. रक्षक त्याला काय सांगतो? खोट्या आवाजात एका हाकेपुरताच दम असतो. जो खरा आहे तो पुन्हा हाक मारील, आणि तिसऱ्यांदा मारील. तेव्हा पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस, दिलीस तर तूही गेलास आणि तीही गेली. राजपुत्र थांबतो. पत्नीचा आवाज ऐकून थांबणे म्हणजे काय, याची कल्पना करा. तो दगडाला नखे रोवतो आणि थांबतो. तिसरी हाक येते, तेव्हा ओ देतो, आणि राणीला वर आणतो. यात सारे आले. देवाचे नावही एकदा घेऊन भागत नाही. जे खरे आहे ते पुन्हा येते, खऱ्याला घाई नसते — हे मी वर्गात शिकवले आहे, प्रवचनात सांगितले आहे, आणि घरात —

— हो! आलो, शैला! — काय? चहा? आण, आण, दोन कप.

माझी मुलगी. मॅट्रिक झाली, यंदापासून इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. — आपण दचकलात. मी फार मोठ्याने ओ दिली का? तिचेही तेच म्हणणे असते. 'बाबा' हा शब्द पुरता होण्याआधी तुम्ही ओ देता, म्हणते, मला काय हवे होते तेच मी विसरते. सवय आहे. म्हातारपणची सवय, दुसरे काही नाही.

काय सांगत होतो? घरात. हां. माझ्या घरातही मी तो नियम लावला होता. हसू नका. आमची मंडळी — गोदावरी — फार उतावळी होती. दूध तापायच्या आत उतरवणार, पत्राचे पाकीट उघडताना आतले पत्रही फाडणार. तिला धीर शिकवावा म्हणून मी ठरवले, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. पुस्तक तिनेही वाचले होते. मला म्हणे, "अहो, तुमचा तो राजपुत्र कानाने अधू होता का?" म्हणे, "तिसऱ्या हाकेपर्यंत माझी भाजी करपते, ती खाताना मग तोंड वाकडे करायचे नाही." पण पाळला हो तिने नियम. 'अहो' — मग थोडे थांबून 'अहो' — आणि तिसरा 'अहो' असा लांबवी, की त्यात हसू असे. मी पुस्तकात खूण घाली आणि तिसऱ्याला उठे. अकरा वर्षे. मला वाटे, आपण एक चांगली गोष्ट लावून दिली.

आपण काल काय केलेत? राणीला रंगभूमीच्या फळ्यांखाली बसवलेत. आवाज खालून आला. पोकळीतून येणारा आवाज कसा असतो, खुशालराव, तो दुरून आल्यासारखा वाटतो आणि कानाशी वाटतो. ती बाई चांगली ओरडली, तिचा दोष नाही. तिने एकदा हाक मारली — आणि आपल्या राजपुत्राने काय केले? एका क्षणाचाही अवकाश न घेता, "आलो!" म्हणून उडी. टाळ्या! साऱ्या मंडपात टाळ्या! मी उभा राहिलो. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण लोक सांगतात की मी म्हणालो, "अजून नाही! दुसरी येऊ द्या, दुसरी हाक येऊ द्या!" मागून कोणी म्हणाला, "ओ मास्तर, खाली बसा ना जी, आमाले तुमची पाठच दिसून राह्यली!" आणि मग ते हसणे.

ठेव, शैला. साखर कमीच आहे ना? — बरे. तू तुझ्या वह्या तपास. आम्ही बोलतो आहोत.

दार लावून घेतो. — नाही, वारा येतो म्हणून.

आपण पेव पाहिले असेल. नाही? नाटकवाल्यांना पेव कोण दाखवणार. जमिनीत विहिरीसारखे खणलेले ज्वारीचे कोठार, तोंड अरुंद, पोट मोठे. वरून बुजवून टाकतात. दोन-दोन वर्षे धान्य राहते, पण आत विषारी वाफ धरते. उघडले की तोंड दिवसभर मोकळे सोडायचे, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा, कंदील जळत राहिला तर माणसाने उतरायचे, विझला तर नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. वलगावला आमचे घर होते, थोडी शेती होती, नत्थुजी आणि मैनाबाई हे जोडपे ती वाहत असे, आवाराला लागूनच त्यांचे घर. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत, सुटीत आम्ही तिकडे जात असू. बावन्न साल, वैशाख. सकाळी नत्थुजीने आवारातले पेव उघडले, वर फळी टाकली आणि सर्वांना बजावले, "वाफ निंगू द्या. सांजीले कंदील सोडून पाहू, मंगच उतरू. तवरोक कोनी तोंडाशी जाऊ नका, बाई, तुमालेच सांगून राह्यलो." गोदावरीलाच सांगितले. सगळे तिला ओळखून होते.

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, शैला आत निजलेली, नऊ वर्षांची. मी ओसरीवर वाचीत होतो. — होय, तेच. योगायोग म्हणा. मी योगायोग म्हणत नाही, पण आपण म्हणा. ज्वारी काळी पडली की काय, एवढेच तिला पाहायचे असावे. फळी सरकवली, शिडी दोन पायऱ्या उतरली. माणूस पेवात सापडला, खुशालराव, की त्याला एक श्वास मिळतो. जो वरून घेऊन उतरला तेवढाच. त्या श्वासाचे काय करायचे ते त्याने ठरवायचे. तिने हाक मारली. मी पानावर बोट ठेवले आणि दुसरीची वाट पाहू लागलो, आणि —

आपण असे का पाहता?

मी काय म्हणालो? हाक ऐकू आली म्हणालो का मी?

म्हणालो.

पंचनाम्यात मी लिहून दिले आहे की माझा डोळा लागला होता, मला काहीही ऐकू आले नाही. खाली सही आहे माझी. मोरेश्वर हे पूर्ण नाव, तारीख, सर्व रीतसर. नऊ वर्षांत हे मी कोणाला सांगितले नाही. शैलाला नाही. देवापुढे बसतो, त्याला सांगावे लागत नाही म्हणून सांगत नाही. आपल्याला का सांगितले? आपण त्या फळ्यांखालून तो आवाज काढलात म्हणून.

किती वेळ थांबलो ते विचारा. तेही सांगतो, आता लपवून काय. अर्धे पान वाचून झाले. मग मला राग आला — एकदा हाक मारून ही गप्प का? नियम माहीत असून? तिला धडा मिळावा म्हणून मी उरलेले अर्धेही वाचले. मग उठलो.

आणि याहून वाईट पुढेच आहे. मैनाबाईने आपल्या अंगणातून ती हाक ऐकली होती. सगळे आटोपल्यावर, तेराव्या दिवशी, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, बाईनं तुमालेच हाक मारली होती ना? म्या आयकली. तुमी घरातच हाव म्हनून मी नाई उठली." ती रडत होती. तिला फक्त एवढे ऐकायचे होते, की होय बाई, हाक होती, आणि उठायचे होते ते मी. मी म्हणालो, "मैनाबाई, हाक झालीच नाही. मी तिथेच होतो." डोळा लागला होता हे लिहून दिल्यावर हे बोललो, तेही तिच्या लक्षात आले नसेल. तिने डोळे पुसले, म्हणाली, "मंग ते बाई नवती. दुसरंच काई होतं." आणि पदर डोक्यावर ओढून गेली.

तेव्हापासून वलगावला लोक सांगतात, मास्तरांच्या आवारात भर दुपारी बाईच्या आवाजात हाक येते. एकदाच येते. कोणी ओ देत नाही. ते घर घ्यायला कोणी तयार नाही, तिथे ढोर बांधायला कोणी तयार नाही. पोरे त्या भिंतीजवळून पळत जातात. ती सुवासिनी गेली, सारे विधी मी स्वतः केले, एक मंत्र गाळला नाही — आणि तिचे भूत मीच केले. वाफेने नाही. माझ्या एका वाक्याने. शैला कळती झाली तेव्हा शाळेत कोणी तरी तिला विचारले, तुझी आई हाका मारते म्हणे? तिने मला येऊन विचारले. मी म्हटले, अडाणी लोक काहीही बोलतात.

म्हणून मला ते पुस्तक हवे होते. समजले आपल्याला? त्यात लिहिले आहे, खोटी हाक एकदाच येते. लिहिलेले आहे, छापलेले आहे. तेवढ्या आधारावर मी एकवीस वेळा — आणि आपला तो रंगवलेला पोरगा पहिल्याच हाकेला उडी घेतो, आणि सारे अकोले टाळ्या वाजवते! चारशे माणसांत एकालाही वाटले नाही की थांबायला हवे होते. एकालाही नाही. कापूस विकायला आलेला मनुष्यदेखील टाळी वाजवतो.

ग्रंथकारांना मी पत्र लिहिले होते, तिच्या वर्षश्राद्धानंतर. विचारले, तीन हाकांच्या या नियमाला आधार कोणता? कोणते पुराण, कोणते वचन? भल्या माणसाने उत्तर पाठवले. लिहितात, आधार काही नाही. प्रकरण फार लवकर संपत होते, एका हाकेने वाचकाची उत्कंठा वाढत नव्हती, म्हणून तीन घातल्या. आपल्याला आवडले हे वाचून आनंद झाला. — त्यानंतरही मी ते पुस्तक सात वेळा वाचले आहे.

चहा निवला आपला. असू द्या.

काल आपल्या कंपनीच्या दोघांनी मला दंडाला धरून बाहेर नेले, तेव्हा आपला राजपुत्र नुकताच खाली गेला होता. तिसरा अंक मी पाहिला नाही. कोणाला विचारलेही नाही. शैला शेवटपर्यंत बसली होती, पण घरी आल्यावर ती त्याविषयी बोलली नाही, मीही बोललो नाही. आपण लिहिले आहे, आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या हाकेला जो धावला, त्याच्या हाताला ती — ती वर येते का? जिवंत?

थांबा. बोलू नका. मानही हलवू नका. होय असेल तरी नको, नाही असेल तरी नको.

प्रयोग आहे तसाच करा. माझी अट मी मागे घेतो. मी येणार नाही. शैलाला यायचे असेल तर ती येईल, तिला पुढची जागा द्या. आता उठा, खुशालराव. आपल्याला तालमीला उशीर होईल. नमस्कार. — उठा, म्हटले ना.