इवाईची गळाभेट
म्हातारपणी माणूस विसरते म्हणतात न, अर्धं खोटं हाय. कराचं काय ते विसरते, सवय काई विसरत नाई. माझंच आयका.

आलापल्लीच्या जंगलात माझी सारी नोकरी सागाले मिठ्या मारण्यात गेली. मिठी मारून टेप फिरवाचा अन् घेर ओरडून सांगाचा. वामन वॉचर तो लिवून घे. मंग तोडाच्या झाडावर हातोड्याचा ठप्पा.

रिटायर झाल्यावर पोराचं लग्न काढलं. मुलीचा बाप, म्हणजे माझा इवाई, अंगानं भरलेला अन् मानपानात लय कडक. बायकोनं मले सकाळपासून पढवलं, "गळाभेट घ्याची, 'आनंद झाला' म्हणाचं, बस. वाकडं बोलसान तं वरात रिकामी वापस येईन."

मी "आनंद झाला, आनंद झाला" घोकतच मांडवात गेलो. इवाई समोर आला. मी मिठी मारली. त्याच्या पाठीमागं माझी बोटं एकमेकाले भिडली अन् आनंद राह्यला बाजूले. तोंडातून खणखणीत निघालं, "एकशे दहा!"

वऱ्हाडातून वामन ओरडला, "लिवलं, साहेब!"

बँड बंद पडला. बायकोनं डोळे मिटले. मले तं मिठी सोडून त्याचं तोंड पाहाची हिंमतच होईना.

इवाई तसाच माझ्या कानाशी म्हणे, "भाऊ, पोरगी तं घेऊनच चालले तुम्ही. मले तरी उभा राहू द्या!"