दगडफुलापायी गेलेली दाढ

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, शनिवार, बाहेर लख्ख ऊन, आत डोळे दिपतील असा दिवा, आणि एवढ्या उजेडात त्या शिकल्यासवरल्या माणसानं माझ्या लेकीची चांगली दाढ उपटून माझ्या हातावर ठेवली हो! किडकी तोंडात तशीच, चांगली माझ्या हातात! आणि मी काय म्हणाले? "थँक्यू डॉक्टर." आता म्हणणारच ना... मी काय दाताची डॉक्टर आहे?

तुम्हाला सांगते, आमच्या जामबागेत दातांचे दवाखाने काय कमी आहेत? पण आमच्या सासूबाईंचा हट्ट, "आपल्या मराठी डॉक्टरकडंच ने. लेकरू 'आई गं' म्हणालं तर दुसऱ्याला कळायचं का?" आता 'आई गं' कळायला मराठी कशाला लागतं? पण सासूबाईंपुढं बोलायची सोय नाही. म्हणून जवळचे सगळे दवाखाने ओलांडून, ऑटो करून, तेजूला घेऊन गेले सिकंदराबादला. तेजू म्हणजे तेजश्री, माझी लेक, दुसरीत आहे.

तर हे अभिजीत डॉक्टर पुण्याकडून आलेले, एकटेच राहतात. "या वहिनी, बसा वहिनी, कुठल्या तुम्ही वहिनी?" इतकं गोड बोलणं की मी विरघळलेच. मग इंजेक्शन देता देता विचारतात, "वहिनी, आपला काळा मसाला इथं कुठं मिळतो हो? आईच्या हातची आमटी आठवते." असं कुणी म्हटलं की माझं तोंड बंद राहतं का? म्हटलं, सामान बेगम बाजारातनं आणा, पण मसाला विकतचा घेऊ नका, मी सांगते तसा करा... धने असे भाजायचे, खोबरं तसं, ते "हो का, हो का" करतायत, नर्स तेजूचा हात धरून "एम् कादम्मा, एम् कादम्मा" म्हणतेय, म्हणजे काही नाही बाळा, काही नाही, आणि मी दगडफुलापर्यंत आले, दगडफूल अगदी शेवटी टाकायचं म्हणाले, तोच कट्! आली दाढ बाहेर.

घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचा ना? मग द्या उंदराला." आमच्यात दुधाचा दात पडला की उंदराच्या नावानं पत्र्यावर फेकतात ना, तसं. आमच्याकडं वर स्लॅब, म्हणून शेजारच्या शाहीन खालांच्या पत्र्यावर. तेजूनं सुजल्या गालानं बोबडं म्हटलं, "उंदीलमामा, माझा घे, तुझा दे," आणि फेकला. टण्ण! आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या, म्हणते मी!

आणि संध्याकाळी पोरीचा ठणका तसाच! म्हटलं, दात गेला तर दुखतंय काय? मोबाइलची बॅटरी लावून बघते तर काय... काळा किडका दात जागेवर ऐटीत उभा, आणि त्याच्या मागं हे एवढं भगदाड!

सोमवारी गेले धावत. डॉक्टरांनी तोंडात डोकावून बघितलं. मग हातमोजे काढत म्हणतात, "मॅडम, तोसुद्धा किडलेलाच होता. काढावाच लागला असता." शनिवारी वहिनी, सोमवारी मॅडम! मी तिथंच ओळखलं, हे बोट आता दुसरीकडं वळणार. वळलंच. "तुम्हीच म्हणालात ना मागचा दात दुखतो म्हणून?" अहो, म्हणाले असेन, पण मी काय दाताची डॉक्टर आहे?

तेजूला त्यांच्या खुर्चीत परत बसवायची माझी छाती होईना. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरणीनं फोटो काढला, किडका दात नीट काढला, मला आधी दाखवून काढला हं, आणि मग म्हणाली, "अम्मा, पीछे का जो गया ना, वो दूध का नक्को समझो, पक्का दाँत था. छे साल के होते तो सबके पीछे चुपके से आता. कोई दाँत नहीं गिरता, इसलिए घर में किसी कू मालूमच नहीं होता." म्हटलं, मग परत कधी येईल? तिनं तेजूच्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "पक्का एकीच बार आता, अम्मा."

तेजूला कसं सांगू, सांगा? ती रोज सकाळी स्टुलावर चढून आरशात 'आ' करते. "आई, आला का गं? उंदीलमामाला पत्ता माहीत आहे ना आपला?" मी म्हणते, "दूर राहतो बाई, येईल." आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा कापायला घेते, म्हणजे रडायला कारण.

आमच्या वरच्या मजल्यावर अनुराधाताई राहतात, वकील. सातवी शिकलेल्या बाईनं वकिलाचं दार वाजवायचं म्हणजे... अर्ध्या जिन्यातून दोनदा परत फिरले! पण वाजवलं. त्या म्हणाल्या, "घाबरता कशाला? पैसे देऊन उपचार घेतले आणि डॉक्टरनं हलगर्जीपणा केला, तर ग्राहक आयोगात भरपाई मागायचा हक्कच आहे. पुढच्या उपचाराचा खर्चसुद्धा. फक्त ते म्हणतात दात किडलेला होता. किडलेला नव्हता हे दाखवायला तो दात पाहिजे. कुठं आहे?"

"पत्र्यावर."

"पत्र्यावर कशाला?"

"उंदराला दिला."

अनुराधाताईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "म्हणजे आपला मुख्य पुरावा उंदराकडं आहे."

सासूबाई इकडं वेगळंच! "आपल्याच माणसावर केस? एवढ्या मोठ्या गावात एक मराठी डॉक्टर, त्यालाही कोर्टात ओढ!" म्हटलं, आई, दाढ पण मराठीच होती की हो!

गेले शाहीन खालांकडं. मनाशी जुळवत होते की कसं सांगावं, खाला, तुमच्या पत्र्यावर आमचा पुरावा आहे... पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. त्या घाबरल्या, "अगे पाशा, रोती कैकू? कौन क्या बोला?" पाशा म्हणजे बाळा, लाडानं म्हणतात. मी सगळं सांगितलं. तर त्या उठून आत गेल्या आणि बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "पत्रा झाडते वखत मिलते सो. बच्च्यां के दाँत हैं गे, कचरे में कैसा डालूँ?"

डबा उघडला... आणि काय सांगू तुम्हाला! गल्लीतल्या सगळ्या लेकरांचे दात! तांदळाच्या कण्यांसारखे, इवले इवले, जी पोरं आता मिशा फुटून फिरतात त्यांचेसुद्धा असतील. आम्ही दोघी जमिनीवर बसून दात निवडायला लागलो, डाळीतले खडे निवडावे तसे. आणि ओळखायला वेळ लागला नाही हो. आपसूक पडलेल्या दुधाच्या दातांना खाली मूळच नव्हतं, आणि एकच दाढ अशी, थोराड, खाली दोन लांब पाय. पांढरीशुभ्र! एक डाग नाही! रोज मीच घासत होते ना ती... मी काय दाताची डॉक्टर आहे? नाही. पण आई आहे की!

सरकारी डॉक्टरणीनं ती दाढ बघून किडलेली नव्हती असं लिहून दिलं, आणि अनुराधाताईंनी पाठवली नोटीस. आणि एके दिवशी अभिजीत डॉक्टर आमच्या दारात! मी सगळी भांडणं पाठ करून ठेवली होती. पण त्यांनी ती दाढ तळहातावर घेतली, उलटसुलट केली, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी पहिलीच ओळ विसरले. म्हणाले, "चूक माझीच आहे वहिनी. मी बोलण्यात होतो. कबूल करायची भीती वाटली." तेवढ्यात तेजू पुढं आली. "उंदीलमामानं नाही दिला. काढला तुम्ही. मग तुम्ही द्या."

बघा! आयोगात एवढं काय ते मांडणार होतो, ते पोरीनं एका दमात मांडलं.

डॉक्टरांनी तिथंच अनुराधाताईंपुढं लिहून दिलं, की चूक त्यांची, डॉक्टर आम्ही निवडायचा, खर्च त्यांचा. पोर मोठी झाली की मागून आणखी एक दाढ येते, तिला तारेनं पुढं ओढून बघायचं, नाहीच जमलं तर नकली बसवायची, तोवरचा सगळा खर्च त्यांच्याकडं. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, पाहुण्यांच्या कपात! आणि जाताना मी... काय करू, स्वभाव! मी काळ्या मसाल्याची पुडी दिली. एवढं ऐकून दगडफुलापाशी अर्धवट राहिला होता बिचारा.

आता शाळा सुटायच्या वेळी गेटवर बाया मला घेरतात. "तेजूच्या आई, ह्याची मागची दाढ हलतेय, दुधाची का पक्की?" आणि मी बॅटरी काढते! म्हणून हात जोडून सांगते, एवढं तुम्हीच पुढं सांगा... सहाव्या वर्षी मागून गुपचूप येते ती दुधाची नसते, डॉक्टरच्या हातात हत्यार असताना मसाला सांगू नका, आणि उपटलेला दात उंदराला द्यायच्या आधी वकिलाला दाखवा. चार जणींना तरी सांगा हो. मी एकटी किती तोंडं बघू? मी काय दाताची डॉक्टर आहे?