उद्या आराम करा

अस्मिता : उद्या येताना नवी चप्पल नको.

दशरथ : माझं नाव दशरथ ओव्हाळ.

राधा : ताई, चहात साखर घालू, का तुम्हीपण बिनसाखरेचा?

अस्मिता : ‘मायबाप सरकार’ अजिबात म्हणायचं नाही.

दशरथ : राहणार खडकी.

राधा : पंखा बंद करते. कागद उडतायत.

अस्मिता : रडू आलं तर आवरू नका. पण मुद्दाम आणूही नका.

दशरथ : सदर इसम...

अस्मिता : कोण इसम?

दशरथ : मीच.

अस्मिता : काका, तुम्ही आता गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहीत नाही आहात. उद्या जनसुनावणी आहे. सदाशिव पेठेतला हॉल, समोर आरोग्य खात्याचे अधिकारी, बाजूला पत्रकार, आणि मध्ये माईकवर तुम्ही. साधं बोलायचं. ‘सरकारी दवाखान्यात मला फिटची गोळी मिळाली नाही, म्हणून मला फिट आली, म्हणून माझी वॉचमनची नोकरी गेली.’ बस. तीन वाक्यं.

दशरथ : तुम्ही किती छान सांगता. तुम्हीच का बोलत नाही?

अस्मिता : मला फिट येत नाही. बेसिकली, आमच्या संघटनेचा नियम आहे. ज्याला त्रास झाला त्यानंच बोलायचं.

दशरथ : तिथंच तर घोटाळा आहे मॅडम. फिट मी पाहिलेलीच नाही. गेटवर उभा होतो, एक टेम्पो आत येत होता, एवढं आठवतं. नंतर डोळे उघडले तेव्हा नाकाशी चप्पल होती. चांगल्या कंपनीची होती.

राधा : सोसायटीच्या चेअरमनची. हुंगवत होते. मी सी विंगमध्ये पोळ्या लाटत होते, कणकेच्या हातानं धावत आले. म्हटलं, कुशीवर वळवा यांना. तर चेअरमन म्हणाले, बाई, तुम्ही बाजूला व्हा, आम्हाला सगळं माहितीये. माणूस तडफडतोय आणि चार शिकलेले लोक त्याला चप्पल हुंगवतायत. एकजण आतून कांदा घेऊन आला. तो पण सोललेला.

दशरथ : लोक चांगले होते.

राधा : चांगले होते, म्हणून तर सत्कार करून काढलं. शाल दिली, नारळ दिला. चेअरमननी भाषण केलं, दशरथनं आता तब्येत सांभाळावी म्हणे. टाळ्या पडल्या. हे आपले हात जोडून उभे. नोकरी गेलीये, हे यांना घरी आल्यावर मी सांगितलं.

दशरथ : भाषण लांबलं होतं. मध्ये कुठेतरी बोलून गेले असतील.

अस्मिता : हे घ्यायचं. शाल-नारळ घ्यायचंच काका, याचा इम्पॅक्ट आहे. आणि शेवटी जरा थांबून, समोर बघून म्हणायचं, ‘आजही मला औषध मिळत नाही.’ म्हणून बघा.

दशरथ : ते एक वाक्य सोडून दिलं तर?

अस्मिता : तेच तर मेन आहे.

राधा : सांगा आता. मी नाही सांगणार.

दशरथ : मिळालं.

अस्मिता : काय मिळालं?

दशरथ : औषध. काल. पिशवी भरून.

अस्मिता : कुणी दिलं?

दशरथ : दवाखान्यातले औषध विभागाचे साहेब स्वतः आले होते. हा लोखंडी जिना चढून. बूट बाहेर काढले त्यांनी, मी नको नको म्हणत असताना. म्हणाले, गोळ्या आमच्याकडे कायम असतात, तुमच्या बाबतीत संवादाचा अभाव राहिला. मग फोटो काढला, मी पिशवी घेतानाचा. पहिल्यात माझे डोळे मिटले होते, म्हणून पिशवी परत घेतली आणि पुन्हा दिली.

अस्मिता : अच्छा.

दशरथ : चहापण घेतला.

अस्मिता : नाही, हे चांगलंच झालं. खरंच. आय मीन, अभिनंदन काका.

राधा : ताई, तुमचं तोंड उतरलं.

अस्मिता : छे, मी खूश आहे.

राधा : आमच्या धाकट्या मावसबहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा तिची थोरली अशीच खूश होती.

अस्मिता : एक मिनिट. आमच्या संघटनेच्या अनिरुद्धसरांना मेसेज टाकते. ... हं, आलाच रिप्लाय. म्हणतायत, औषध मिळालं असेल तर केस वीक होते. दुसरा पेशंट बघ. अजून न मिळालेला.

दशरथ : म्हणजे मी रद्द?

अस्मिता : रद्द नाही हो. तुम्ही आता लाभार्थी झालात.

दशरथ : शर्टाला इस्त्री करून आणलीये मॅडम. बुद्धविहारात सगळ्यांना सांगून ठेवलंय, उद्या माईकवर बोलायचंय म्हणून.

अस्मिता : काका, एक सांगा. ही पिशवी संपल्यावर काय?

दशरथ : साहेबांनी स्वतःचा नंबर दिलाय. फोन करायचा.

अस्मिता : आणि ज्यांच्याकडे साहेबांचा नंबर नाही, त्यांना? खिडकीवर मिळतेय का गोळी?

राधा : सकाळीच विचारून आले. शेजारच्या चैतालीला तीच लागते ना. तिच्याबरोबर मी गेले होते. खिडकीवरचा मान वर न करता म्हणाला, स्टॉक नाही, बाहेरून आणा. मी म्हटलं, अहो, काल आमच्या घरी पिशवी भरून आली. तर म्हणाला, मग तिला तुमच्याकडेच मागायला सांगा.

अस्मिता : हे उद्या बोला काका. हेच बोला. केस कुठली वीक, ही तर जास्त स्ट्राँग आहे.

दशरथ : नाही. ज्या माणसानं घरी येऊन दिलं, त्याच्याविरुद्ध भर सभेत बोलायचं? खाल्ल्या मिठाला जागतो मी.

राधा : मीठ कुठं खाल्लंय, गोळी खाल्लीये. ती पण आपल्याच हक्काची, असं हीच ताई मागल्या वेळी सांगून गेली.

अस्मिता : तुमच्या एकट्याला मिळून उपयोग नाही काका. सगळ्यांना मिळायला हवं.

राधा : या घरात फिट एकट्यालाच येते ताई. यांनी उद्या तोंड उघडलं आणि परवा साहेबांनी फोन उचलला नाही, तर? मग काय कराल?

अस्मिता : तर आम्ही आहोत. संघटना देईल औषध.

राधा : कायम?

अस्मिता : फंड आहे तोवर.

राधा : बघा. साहेब तरी ‘तोवर’ म्हणाले नाहीत.

अस्मिता : आणि साहेबांची बदली झाली तर?

(खालून भंगारवाल्याची आरोळी.)

राधा : होते का त्यांची बदली?

अस्मिता : होतेच. सरकारी माणूस आहे.

दशरथ : माझ्यासमोर तरी काही बोलले नाहीत तसं.

राधा : तुमच्यासमोर नोकरी गेली तरी तुम्हाला कळलं नव्हतं. ताई, तुमच्या घरात कुणाला गोळ्या चालू आहेत का हो?

अस्मिता : बाबांना. बीपी, शुगर, आता गुडघ्याचं पण काहीतरी.

राधा : कुठून आणता?

अस्मिता : ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते. संरक्षण खात्यात. त्यांचं कार्ड आहे.

राधा : कार्डावर काय मिळतं?

अस्मिता : सगळंच.

राधा : आणि गोळी शिल्लक नसली तर?

अस्मिता : तर बाहेरून आणून देतात.

राधा : कोण? तुम्ही?

अस्मिता : नाही, तेच. तेच आणून देतात. एक-दोन दिवस लागतात.

राधा : रिटायर झाल्यावर पण?

अस्मिता : हो. शेवटपर्यंत.

राधा : मग खूश असतील बाबा.

अस्मिता : बाबा? नाव नका काढू. रांगेत खुर्च्या कमी आहेत, म्हणून तक्रार. खिडकी पाच मिनिटं उशिरा उघडली, म्हणून तक्रार. मागे गुलाबी गोळीच्या ऐवजी पांढरी आली, तर पेपरला पत्र लिहिलं. ‘हा ज्येष्ठांचा अवमान आहे’ असं शेवटी.

दशरथ : छापलं?

अस्मिता : छापलं. कात्रण फ्रीजवर लावलंय.

राधा : मला ते पाहिजे.

अस्मिता : कात्रण?

राधा : नाही हो. गोळीचा रंग आवडला नाही, असं म्हणायला मिळणं. आमच्याकडे कुठल्याही रंगाची आली तरी हे पिशवीच्या पाया पडतात. तुमच्या कागदावर काय मागणी लिहिलीये, वाचा बघू.

अस्मिता : ‘सर्व नागरिकांना अत्यावश्यक औषधांच्या सार्वत्रिक, मोफत व अखंडित पुरवठ्याचा कायदेशीर हक्क प्रस्थापित करण्यात यावा.’

दशरथ : वा. भारदस्त आहे.

राधा : म्हणजे तुमच्या बाबांना मिळतं, तसं सगळ्यांना.

अस्मिता : हो. तेवढंच.

राधा : मग तेवढंच लिहा की. ‘अस्मिताताईंच्या बाबांना मिळतं तसं.’ लहान पोराला पण कळेल.

अस्मिता : बाबांचं नाव नको काकू.

राधा : का?

अस्मिता : बरं नाही दिसत. हॉलपासून आमचं घर चार पावलांवर. पुढच्या रांगेत सगळे बाबांच्या ओळखीचे. सदाशिव पेठ आहे ती, कुणी काही बोलणार नाही, पण वर्षभर लक्षात ठेवतील. आणि बाबांना वाटेल, त्यांचं कार्ड काढून घ्या असं मी म्हणतेय.

दशरथ : बघा मॅडम. आपल्या माणसाचं नाव माईकवर यायचं म्हटलं, की कसं होतं.

अस्मिता : काका, तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाहीये. नको असेल तर नको.

दशरथ : नको असं नाही. पण साहेब जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दशरथराव, उद्या आराम करा. आता त्यांचा शब्द कसा मोडायचा?

अस्मिता : उद्या? ‘उद्या’ असं म्हणाले?

दशरथ : हो. मला वाटलं, काळजी.

अस्मिता : काका, सुनावणी उद्या आहे. आणि पिशवी काल आली. इतके महिने तुम्ही चकरा मारत होतात, तेव्हा कुणाला काळजी नव्हती.

दशरथ : ‘दशरथराव’ म्हणाले हो.

राधा : तिथंच पडले हे. फिट न येता.

दशरथ : चेष्टा करू नकोस. आयुष्यभर गेट उघडलं मी, कुणी राव लावलं नाही.

राधा : चेष्टा नाही करत. आराम करा असं तुम्हाला सांगितलंय ना, मग करा. त्यांचा शब्द मोडू नका. मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. साहेबांनी पाणी घेतलं, तांब्या परत दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही.

अस्मिता : म्हणजे तुम्ही बोलाल?

राधा : यांना काही आठवत नाही. फिट आली तेव्हा हे नव्हतेच तिथं, असं धरा. मी होते.

अस्मिता : पण तो नियम... थांबा, अनिरुद्धसरांना विचारते.

राधा : विचारू नका. विचारलं की ते दुसरा पेशंट सांगतील.

दशरथ : आणि साहेबांनी पिशवी परत मागितली तर?

राधा : अख्खी कुठून देणार? त्यातली एक पट्टी सकाळीच चैतालीला दिली. खिडकीवरच्या माणसानंच सांगितलं होतं, आमच्याकडून घ्या म्हणून. सरकारी माणसाचा शब्द मी तरी कसा मोडू?

अस्मिता : काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?

राधा : वाटते की. कालपासून पिशवी तीनदा जागा बदलून ठेवली. पण खिडकीवर चैताली माझ्या शेजारी उभी होती ना, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. खिडकीकडे नाही. मला ते नको आहे. आमच्या दारात रांग लागायची आणि मी साहेबासारखी ‘बघते’ म्हणायची. उद्या तिथं छातीवर नावाचं काही लावायचं असतं का?

अस्मिता : बॅज असतो. ‘पीडित’ लिहिलेला.

राधा : तो यांना लावा. इस्त्रीचा शर्ट वाया जायला नको.

दशरथ : मी येऊ म्हणतेस?

राधा : खुर्ची असेल ना तिथं? बसा. बसणं म्हणजे आरामच.

अस्मिता : शनिवारवाड्यापाशी उतरा बसमधून. मी तिथं स्कूटर लावून थांबते, मग शनिवार पेठेतून चालत जाऊ. काकू, एकदा म्हणून दाखवता?

राधा : माझं नाव राधा ओव्हाळ. मी पोळ्या करते. यांना फिट येते, ती यांना दिसत नाही, मला दिसते. गोळी रोज घेतली तर येत नाही. गोळी रोज मिळाली पाहिजे, नंबर असो नसो. यांनाच नाही, आमच्या शेजारणीला पण. एवढंच. आता पुढं काय म्हणू?

अस्मिता : पुढं काही नको. शेवटी फक्त धन्यवाद म्हणा.

राधा : कशाबद्दल?

अस्मिता : तेही नको मग. बरं, निघते मी. काका, जिन्यावरचा दिवा लावता का?

दशरथ : मॅडम, पडलो त्या सकाळी डबीत एकच गोळी उरली होती. दुसऱ्या दिवशी डबल ड्यूटी होती, म्हणून मी ती ठेवून दिली होती.