डाव्या हातातलं कडं

करकचेरीच्या रांगेत मी तान्ह्याला पाजत उभी होते. माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा साधू झालेला मुलगा. आजवर साधूंना कर माफ होता. नव्या अमीराने तो त्यांनाही लावला, आणि नोंद झाली की प्रत्येक साधूच्या डाव्या हातात मठाच्या नावाचं लोखंडी कडं ठोकत होते.

"फिब, काढ तो झगा. आता साधूलाही करच आहे ना? मग घरी राहून भर."

"आई, हळू बोल."

"का हळू? कर चुकावा म्हणून तर तुला मठात धाडलं. चार वर्षं एकटी जवस उपटतेय मी."

"ठाऊक आहे गं."

"कडं पडलं की मठ सोडता येत नाही म्हणतात. अजून दोघं पुढे आहेत. चल, मागच्या मागे निघू."

"मला नाही यायचं."

"कुणाला भितोस? मठाच्या म्हाताऱ्याला?"

"कुणालाच नाही. पहाटेची प्रार्थना चुकली तर मला दिवसभर करमत नाही."

"अरे देवा! ते नुसतं दाखवायला होतं! खरंच करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही."

"आणि त्या कुंभाराच्या मुलीला काय सांगू? थांबलीय ती."

"थांबू नकोस म्हणावं."

"मेल्या, तूच जाऊन सांग!"

"पुढचा!" कारकून ओरडला. "हात!"

फिबने डावा हात पुढे केला. म्हातारीने मध्येच मनगट धरलं.

"बाई, सोडा. मागे रांग आहे."

"सोडते. पण जरा सैल घाला हो. उन्हाळ्यात हात सुजतो त्याचा."