लक्ष्मीची पावलं आणि माझी पुट्टी

बारा मे, सकाळपासून कडक ऊन. माझ्या वहीत तशी नोंदच आहे. लोहारा गावातल्या चित्रप्रदर्शनासाठी मी डायरीचं एक पान सजवत होतो. तीन दिवस खपून कागदावर रंगाचे थर चढवले आणि शेवटी रांगोळीच्या छापातून भिंतीची पुट्टी दाबून लक्ष्मीची पावलं उठवली. पान ओसरीवर वाळत ठेवून चहा प्यायला गेलो. येतो तर आत्यानं ओल्या पुट्टीवर हळद-कुंकू आणि अक्षता वाहिलेल्या!

"आत्या, काय केलंत हे?"

"लक्ष्मी बिनकुंकवाची ठेवत्यात व्हय रं? लई मोठा कलाकार!"

कलेचे जाणकार आमच्या घरातच आहेत, हे तेव्हा कळलं. तांदूळ पक्के चिकटले होते. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी, म्हणून तेच पान पाठवलं.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा: "पावलं साधारण. कुंकू आणि तांदूळ उत्कृष्ट."