आधी माझं ऐका

संभाजीनगरात सिटी बसच्या कंडक्टरसाठी मुलाखती होत्या. बाकावर बसलेली उमा आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत होती. शेजारी पैठणकडची मेघा वडिलांशी बोलत होती.

"आबा, मला नाय जमायचं. साहेबासमोर वाचाच बसती माझी."

"दुष्काळात गावात टँकर आला की रांग कोण लावायचं?"

"मीच."

"मधी घुसलेल्या सरपंचाची घागर मागं कुणी ठिवली?"

"मीच. तवा भ्यायला येळच नव्हता."

"मग बसमधी तरी कुठं असतोय?"

मेघाचं नाव पुकारलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, तसे आबा पुढं झाले.

"काय इचारलं?"

"बसमधी भांडणं लागली तर काय करशील, म्हणले. मी सांगाया लागले, तर साहेब मधीच बोलाया लागले."

"मग?"

"म्हणलं, साहेब, आधी माझं ऐका."

"ऐकलं?"

"व्हय. पेन खाली ठिवून ऐकलं."