वर्गाला फक्त तिचा आवाज माहीत होता

मंडळी, तुम्ही सगळे आलात. बाहेर एवढा बर्फ साचलाय, बस उशिरा धावतायत, तरी आलात. खरं तर केतकीचा बाबा, श्रीकांत, बोलणार होता. सकाळी त्यानं मनाशी काहीतरी जुळवलंही होतं. मग म्हणाला, "मला नाही जमणार गं." म्हणून मी उभी आहे. मलाही जमेलच असं नाही. मध्येच थांबले तर थांबू द्या मला. पाणी घेऊन धावू नका.

मी सुजाता. केतकीची आई. इथे बसलेल्या निम्म्या मुलांची काकू. तुम्ही युनिव्हर्सिटीतली मुलं रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात. केतकी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून तुमच्यात येऊन बसायची आणि तुमच्या रिसर्चबद्दल प्रश्न विचारून तुम्हाला भंडावून सोडायची. ती केतकी तुम्हाला ठाऊक आहे. पण आठवड्याचे बाकीचे दिवस ती काय करायची, हे फार कमी लोकांना माहीत आहे. पुष्कळांना वाटायचं, ती शाळेतच जात नाही. कितीतरी जणींनी मला हळूच विचारलं होतं, "मग तिच्या शिक्षणाचं काय?"

केतकी शाळेत जात होती. रोज जात होती. आज मला तिच्या शाळेबद्दल सांगायचंय.

सहावीत असताना ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्हाला वाटलं, नाश्ता केला नसेल. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतोय आणि सगळा ताण हृदयावर येतोय. बरं होणारं दुखणं नव्हतं. औषधाचा एक छोटा पंप तिच्या कमरेला कायमचा लागला. तरी तिनं शाळा सोडली नाही. पण वर्गात कोणी शिंकलं की चार दिवसांनी आम्ही हॉस्पिटलात. मग शाळेनं घरी एक बाई पाठवायला सुरुवात केली. भली बाई होती. पण यायची आणि निम्मा वेळ केतकीचा हात हातात घेऊन विचारायची, आज कसं वाटतंय तुला? केतकी म्हणाली, "आई, तिला सांग ना, मला फ्रॅक्शन्स शिकव."

त्या सुमारास हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करनं आम्हाला ऑनलाइन शाळेबद्दल सांगितलं. मला आधी ती खाजगी शिकवणीच वाटली. तशी नव्हती. सरकारी शाळा होती, सरळ सरळ. फी नाही, शिक्षक राज्याची परवानगी असलेले, परीक्षा राज्याची. फक्त इमारत नव्हती. एक दिवस दारात खोकी येऊन पडली. कम्प्युटर, प्रिंटर, पुस्तकं, सायन्सच्या प्रयोगांचं सामान. केतकी जमिनीवर बसून एकेक खोकं उघडत होती. किती तरी महिन्यांनी आमच्या घरी औषधांखेरीज दुसरं काही आलं होतं.

शाळा कशी चालायची? सकाळी लॉग-इन करायचं. दिवसाचे धडे समोर यायचे. काही विषय आपले आपण करायचे, काहींचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे कानाला हेडफोन, तोंडाशी माइक आणि पडद्यावर सगळ्यांची नावं. चेहरे नाहीत. शिक्षिका पडद्यावरच्या फळ्यावर लिहायच्या. मुलांना हात वर करायला एक बटण होतं. आमच्या केतकीबाईसाहेबांचा हात सतत वर.

आणि घरात एक मोठं माणूस लागायचं. हे मात्र आधी नीट कोणी सांगत नाही. ते माणूस नसेल तर ही शाळा चालतच नाही. हजेरी मी लावायची, वेळापत्रक मी सांभाळायचं, तिनं धडा खरंच वाचलाय की नुसताच पुढे ढकललाय ते मी बघायचं, प्रयोगाला हात मी लावायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून मी घरात होते, म्हणून केतकीला शाळा मिळाली. मी कधी कधी विचार करायची, ज्या घरात आई-बाप दोघांना कामावर जावंच लागतं, त्या घरातल्या आजारी मुलानं काय करायचं?

ते दिवस फार गोड होते असं समजू नका. एकाच खोलीत आम्ही दोघी, दिवसभर. इंटरनेट मधूनच बंद पडायचं आणि ती माझ्यावर ओरडायची. एकदा इतिहासाच्या धड्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "तू माझी आई, तूच माझी नर्स, तूच माझी टीचर. मग तुझी कम्प्लेंट मी कोणाकडे करू?" मी आत जाऊन कुकर लावला. खाली पिवळी स्कूलबस थांबायची तेव्हा केतकी खिडकीकडे पाठ करून बसायची. मी पडदा लावला तर म्हणायची, "लावू नकोस. मला बघायचं नाहीये, पण लावू नकोस."

त्या शाळेत एक गोष्ट मात्र तिला अशी मिळाली, जी मी तिला देऊ शकत नव्हते. तिथे ती आजारी नव्हती. शिक्षकांना माहीत होतं, मुलांना नाही. तिनंच तसं ठरवलं होतं. खोकला आला की माइक बंद करायची. ऑक्सिजनचं मशीन तिनं आम्हाला शेजारच्या खोलीत हलवायला लावलं आणि लांब नळी मागून घेतली, का तर त्याचा घरघर आवाज वर्गात जायला नको. मिस कॅरल म्हणून तिच्या इंग्लिशच्या शिक्षिका. गोष्ट वाचून झाली, की त्या विचारायच्या, कोणाला काही म्हणायचंय? आणि केतकी तुटून पडायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ती मुलगी, जिला बाथरूमपर्यंत जाऊन आलं की बसावं लागायचं, ती तिथे भांडत होती, हसत होती, लोकांचं बोलणं तोडत होती.

मग गेल्या वर्षी राज्याची परीक्षा आली. ती घरी बसून देता येत नाही. आल्टूना गावातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आसपासची सगळी मुलं जमणार होती. केतकी म्हणाली, "मी जाणार नाही." श्रीकांतनं समजावलं, मी समजावलं. ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाहीये. ते मला बघतील."

मिस कॅरलनी फोन केला. वेगळ्या खोलीत बसायची सोय करता येईल म्हणाल्या. केतकीनं विचारलं, "त्या खोलीत जाताना मी बाकीच्यांना दिसेन का?" मिस कॅरल खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हो, लॉबीतूनच जावं लागेल." केतकी मग म्हणाली, "असं असेल तर मी मोठ्याच हॉलमध्ये बसते."

त्या दिवशी तिनं निळा कुडता घातला. व्हीलचेअर नको म्हणाली. ऑक्सिजनचा सिलिंडर चाकाच्या गाडीवर, ती गाडी तिनं स्वतःच ओढली. हॉलमध्ये मुलं विखरून बसली होती. वर्षभर एका वर्गात शिकलेली मुलं, आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आम्ही पालक भिंतीशी. सगळे चोरून एकमेकांच्या मुलांकडे बघतोय, हे मूल इथे का आलं असेल?

मधल्या सुट्टीत केतकीनं कॉरिडॉरमध्ये कोणाला तरी विचारलं, "एक्सक्यूज मी, रेस्टरूम कुठे आहे?" एवढंच. पुढे उभी असलेली एक मुलगी गर्रकन वळली. "तू केतकी!" तिनं केतकीकडे बघितलं, नळीकडे बघितलं, सिलिंडरकडे बघितलं. ती म्हणाली, "आवाजावरून मला वाटलं होतं, तू खूप उंच असशील."

केतकी इतकी हसली, इतकी हसली, की तिला धाप लागली आणि आम्हाला तिला खाली बसवावं लागलं. ती मुलगी, हॅना तिचं नाव, तीही शेजारी जमिनीवर बसली. मग तिनं लांब उभ्या असलेल्या स्वतःच्या आईकडे बोट दाखवलं. आईच्या कडेवर तान्हं बाळ होतं. हॅना म्हणाली, "माझा मुलगा. म्हणून माझा माइक कायम बंद असतो." सतरा वर्षांची पोर. दोघी त्या गालिच्यावर बसून एकमेकींकडे बघत होत्या. कोणी कोणाला सॉरी म्हटलं नाही. कोणी बिच्चारी म्हटलं नाही.

परतताना गाडीत केतकी म्हणाली, "आई, त्यांना कळलं. आणि काहीच झालं नाही गं."

मंडळी, मला इथे थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

उन्हाळ्यात दोघी तासन् तास फोनवर असायच्या. पण पानगळीच्या सुमारास केतकीचं हृदय थकायला लागलं. फुप्फुसं बदलण्यासाठी तिचं नाव यादीत लावलं. फुप्फुसं मिळाली की वाजेल, असा एक पेजर आम्हाला दिला. तो एकदाच वाजला. आम्ही बर्फातून पिट्सबर्गच्या हॉस्पिटलात गेलो, तिला तयार केलं, आणि मग डॉक्टर येऊन म्हणाले, ही फुप्फुसं चांगली नाहीत. घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात. मी म्हटलं, "आज राहू दे, आराम कर." ती म्हणाली, "कशासाठी?"

या जानेवारीत ताप आला. साधा ताप, असं मी स्वतःला सांगत होते. ॲम्ब्युलन्स, पुन्हा पिट्सबर्ग. श्वासाची नळी घालायच्या आधी डॉक्टर म्हणाले, काय बोलायचं ते बोलून घ्या. केतकीनं बाबाचा हात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मिस कॅरलला सांग, इंग्लिशचा एसे थोडा लेट होईल." मी म्हटलं, सांगते. मला वाटलं होतं, आई, घाबरतेय मी, असं काहीतरी म्हणेल. नाही म्हणाली. नंतर तिला बोलता आलं नाही.

आम्ही तिच्याशिवाय घरी आलो आणि फोन वाजला. शाळेचा फोन. माणूस नव्हता, मशीन होतं. आपला विद्यार्थी काही दिवसांपासून लॉग-इन झालेला नाही, असं ते सांगत होतं. श्रीकांत म्हणाला, "ठेव तो फोन." मी ठेवला नाही. पूर्ण ऐकला. मशीनला कसं कळणार? ते आपलं काम करत होतं. तिच्या नावाचा उच्चारही त्याला जमला नाही.

मग मी मिस कॅरलना फोन लावला. मला इंग्लिशमध्ये ते वाक्य म्हणता येईना. मी नुसतंच "केतकी" म्हटलं. त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं. त्या मला म्हणाल्या, मुलांना काय बोलावं सुचेना, म्हणून मी सगळ्यांचे माइक उघडे ठेवले. कोणी बोललं नाही. नुसते घरांचे आवाज येत राहिले. कुठे कुत्रं भुंकत होतं, कुठे टीव्ही चालू होता, कोणीतरी रडत होतं. तास संपेपर्यंत कोणीही लॉग-आउट केलं नाही.

मिस कॅरल आज इथे आहेत. मागच्या रांगेत, राखाडी कोटातल्या. फार लांबून गाडी चालवत आल्या आहेत. त्यांना मराठी येत नाही, मी त्यांना नंतर सगळं सांगेन. तीन वर्षं त्यांनी माझ्या मुलीला शिकवलं. तिचा चेहरा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो परवा, फ्युनरल होममध्ये, अंत्यदर्शनाच्या वेळी. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाय, केतकी." वर्ग सुरू करताना म्हणायच्या, तसंच.

पुढच्या आठवड्यात कम्प्युटर आणि पुस्तकं परत न्यायला गाडी येईल. मी देणार आहे. कुठल्या तरी घरात दुसरं मूल वाट बघत असेल. पण ते टेबल रिकामं झाल्यावर मी सकाळी उठून काय करायचं, हे मला कोणी सांगा. माझी मुलगी गेली. माझी शाळाही सुटली. श्रीकांतला ऑफिस आहे. मला काय आहे?

याचं उत्तर आज तुमच्याकडे मागत नाही. एवढंच मागते, की तिची आठवण काढाल तेव्हा "बिचारी" म्हणू नका. तिला तो शब्द कळायचा, आणि आवडायचा नाही.

आता आपण थोडा वेळ शांत राहू या. श्रद्धांजलीला उभं राहायची पद्धत आहे, मला माहीत आहे. तुम्ही उठायला लागलाच आहात. उठू नका. उभं राहणं तिला फार जड जायचं. ती इथे असती, तर सगळे उभे राहिले म्हणून तीही उभी राहिली असती, आणि मग रात्रभर दमली असती.

बसूनच राहा. तिच्यासोबत.